ट्रॅकवर वडाप

सास्तूर, ता. लोहारा
संक्रांतीनंतरचा शनिवार

प्रिय मुनवर,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. आपल्या वयात पोस्टमन दारात उभा राहिला की माणूस आधी चौकट धरतो, म्हणून हे पहिल्यांदा सांगून टाकलं. फोन सोडून पत्र का, तर फोनवर तू हल्ली बोलतच नाहीस. "हां", "बरा हाय", "ठेवू का", एवढ्यावर मला वाटेला लावतोस. पत्राला मधेच ठेवू का म्हणता येत नाही. येडशीच्या स्टँडवर पेपर मोठ्यानं वाचून सगळ्या ड्रायव्हरांना जगाच्या खबरी सांगणारा माणूस तू, तेव्हा वाचता येत नाही ही सबबही चालायची नाही. चष्मा लाव आणि सावकाश वाच. तुझा आसिफ सांगत होता की तुझी गाडी गेल्या उन्हाळ्यापासून लिंबाखाली झाकून उभी आहे आणि बार्शीला जायचं झालं तर तू एसटीनं जातोस. ज्याच्या जीपचा हॉर्न ऐकून एसटीचे ड्रायव्हर बाजू द्यायचे, तो माणूस पिशवी मांडीवर घेऊन एसटीच्या खिडकीत बसतो, हे ऐकल्यावर त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. का बसतोस तेही ठाऊक आहे. त्यावर बोलायचंच आहे, पण माझ्या पद्धतीनं, फाट्याफाट्याला थांबत. जीपमधे पाशिंजरं भरत हिंडलेल्या वडापवाल्याचं पत्र आहे, थेट कसं जाईल?

तर बातमी अशी की मी रेसच्या ट्रॅकवर गाडी चालवून आलो. हसून घे, आमची द्वारका अजून हसतेय. तुझ्या कडेवर बसून जीपचा हॉर्न वाजवणारी माझी हर्षाली आता पुण्यात गाड्यांच्या कंपनीत आहे. तिनं आणि तिच्या कंपनीतल्या पोरांनी एक नवीन खूळ काढलंय, ट्रॅक डे म्हणतात त्याला. रेस नव्हे. आपली रोजची गाडी घेऊन जायचं आणि बंद ट्रॅकवर दिवसभर चालवून गाडीचा आणि स्वतःचा वकूब बघायचा. पहिला नंबर नाही, शेवटचा नाही. समोरून कुणीही येत नाही. ना ट्रॅक्टर, ना उसाची बैलगाडी, ना शेळ्या. असा रस्ता जगात असतो हे मला या वयात कळलं. मास्तरांनी शाळेत जन्मतारीख म्हणून टाकलेला माझा एक जून हर्षाली नेमानं साजरा करते. गेल्या एक जूनला तिनं सांगितलं की दादा, या वर्षी तुमचं नाव घालते. मी तिला उडवून लावलं. म्हटलं, या वयात ही थेरं शोभत नाहीत, लोक शेण घालतील तोंडात. मग दिवाळीला ती आली तेव्हा मीच तो विषय काढला. पोरगी चकित झाली. बाप एकदम कसा पालटला हे तिनं विचारलं, मी सांगितलं नाही. तुला सांगणार आहे, पण शेवटी.

हर्षाली म्हणाली, पहिलं काम गाडी रिकामी करायचं. गाडीत सुटी वस्तू एकही नको, वळणावर उडून डोक्यात बसते. माझी स्विफ्ट तुला माहीत आहे. नावाला कार, कामाला बैलगाडी. डिकी उघडली आणि ओट्यावर संसार मांडल्यासारखं झालं. दोन विळे, कासरा, सोयाबीनची अर्धी पिशवी, फवारणीचा नोझल, दुधाची किटली, एक चप्पल, जिची जोडीदार कुठं गेली देवाला ठाऊक, आणि सोनारीच्या जत्रेतला नारळ, जो आतून खडखड वाजत होता. हे सगळं काढेपर्यंत काही नाही. पण पोरीनं बोनेटखालचं लिंबू-मिरची तोडलं आणि डॅशबोर्डवरच्या काळभैरवनाथाच्या मूर्तीला हात घातला, तशी द्वारका ओसरीवरून उठलीच. "देव काडून गाडी पळिवणार व्हय तुमी? चांगलंच शिकलाव की." हर्षालीनं समजावलं की आई, देव नुसता चिकटवलेला आहे, ब्रेक मारला की दादांच्या कपाळावर येईल. द्वारका म्हणाली, "मग येऊ दे की. त्यो काय परका हाय?" दोन दिवस घरात हाच वाद चालला. शेवटी तोडगा तिनंच काढला. देव गाडीत नाही तर नाही, पण तो सोबत येणार आणि ती त्याला घेऊन ट्रॅकच्या कडेला बसणार. म्हणजे बायकोही येणार हे त्यात आलंच.

मग गाडीचं बाकीचं. ब्रेकचं तेल नवं, ब्रेकची पॅडं नवी, बॅटरी जागेवर करकचून बांधलेली, टायर चांगले. उमरग्याचा सिद्रामप्पा मेस्त्री तुला आठवत असेल, आता पोटानं त्याला बोनेटखाली वाकवत नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बजरंगराव, ह्या वयात लोक गुडघ्याचं तेल बगत्यात, तुमी ब्रेकचं बगायलाव." पण काम मन लावून केलं. परत निघताना मी पंप ओलांडून थोडा पुढं आलो आणि मोकळा रस्ता बघून जोरात ब्रेक दाबला. गाडी अशी उभी राहिली की मागं मोटारसायकलवर येणाऱ्यानं माझ्या आईचा उद्धार केला. मला मात्र आपली कमांडर जीप आठवली. तिच्या ब्रेकवर तीनदा पाय मारावा लागायचा. पहिला ब्रेकला सांगायला, दुसरा विनवायला आणि तिसरा अल्लाला. हे तुझंच वाक्य, पाशिंजरं त्यावर हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडायची.

गाडी तयार झाली, ड्रायव्हर राहिला. मुनवर, या पोरीनं मला पुन्हा शिकाऊ करून सोडलं. ट्रॅकवर बूट लागतात. मी आणि तू जन्मभर चपला सीटखाली सरकवून अनवाणी गाडी चालवली. ब्रेकची नाडी तळपायाला कळायची. बुटात पाय घातला तर मला आपण ब्रेक दाबतोय की उशी, तेच कळेना. मग मी घरातही बूट घालून हिंडायला लागलो, शेतात बूट, पारावर बूट. हेल्मेटचीही सवय करायची म्हणून एक दिवस ते घालून लोहाऱ्यापर्यंत जाऊन आलो. पारावर बलभीम पाटील बसले होते. "बजरंग, मोटारसायकलीवर कदी डोक्याला फडकं बांदलं न्हाईस आन् गाडीत टोपडं घालून बसलास? घरात लई मार पडायलाय काय?" अख्खा पार हसला. पण यातलं काहीच खरी अडचण नव्हती. अडचण माझ्या बसण्याची होती. हर्षाली शेजारी बसली, जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, दादा, तुम्ही असे वाकडे का बसता? अर्धे दारात, अर्धे सीटवर? मला तर मी सरळच बसलोय असं वाटत होतं.

तिला काय सांगू? ती वाढली तोवर आपली वडाप संपत आली होती. तिला कुठून माहीत की पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून पाच जण असायचे, गिअर कुणाच्या तरी दोन गुडघ्यांतून टाकावा लागायचा आणि एखादा तर आपल्या उजव्या हाताला, दाराच्या आणि आपल्या मधे बसायचा. येडशी ते बार्शी एक ढुंगण सीटवर आणि एक हवेत ठेवून आपण अर्धं आयुष्य काढलं. जागा करून बसायचं वळण हाडात गेलंय. ती मला सीटच्या मधोमध बसवायची, पट्टा आवळायची, आणि पुढच्या फाट्यापर्यंत मी पुन्हा उजवीकडं सरकलेलो असायचो, शेजारी कुणी नसताना. एकदा तर ती शांतपणे म्हणाली, दादा, त्या माणसाला उतरवा आता. तेव्हा मला हसू आलं, पण त्या रिकाम्या जागेवरून हातही फिरवला.

कारण त्या सीटवर पहिल्यांदा तू मला बसवलंस. भूकंपानंतर आमचं अख्खं सास्तूर पत्र्याच्या शेडात होतं. मामाच्या ओळखीनं मी येडशीला आलो तेव्हा माझ्याकडं एक बंडी आणि अंगावरचे कपडे होते. तू विचारलंस, "चलाते आता क्या?" मी म्हटलं, बैलगाडी येते. तू म्हणालास, "बस. वैसाच है, खाली बैल दिखते नै." स्टेशनावर छोटी रेल्वे यायची, ती इतकी हळू की पोरं उतरून बोरं खाऊन पुन्हा चढायची. तिच्यातली पाशिंजरं "बार्शी बार्शी बार्शी" ओरडून आपण ओढून घ्यायचो. तू चालवायचास आणि मी मागं लोंबकळायचो. दुपारी तुझ्या घरी भाकरी. सायराभाभीनं मला कधी विचारलं नाही की तू जेवणार का. ताट वाढलेलंच असायचं, त्यावर झाकण. अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी मी पुढं पुष्कळ ठिकाणी खाल्ली, पण शेडातून आलेल्या पोराला ती जशी लागली तशी पुन्हा कधीच लागली नाही. तिची मला फार आठवण येते, मुनवर. तुला येते तेवढी नाही, पण येते.

आणि रामलिंगच्या अलीकडं घाट लागला की तू काय पळवायचास. एसटी मागं, ट्रक मागं, सगळे मागं. मला शिकवताना तुझा एकच मंत्र होता. वळणावर माकडं बसलेली असायची, माझं लक्ष तिकडं जायचं आणि जीपही तिकडंच जायची. तू टपली मारायचास. "बंदर कू मत देख, रस्ता देख. बंदर कू देखा तो बंदर पेच जाता." असा तू बार्शी रोडचा राजा, पण भाभी गाडीत बसली की तुझी जीप गाभण म्हशीसारखी चालायची. ती पुढं बसायची, एक हात डॅशबोर्डवर, आणि ओठांत काहीतरी पुटपुटत. जरा वेग वाढला की, "हल्लू चलाव जी, बार्शी भाग को जारी क्या?" आणि तू निमूट पाय काढायचास. स्टँडवर पाशिंजरं भाभीला पुढच्या सीटवर बघून मागच्या जीपमधे जाऊन बसायची. म्हणायची, आज भाभी हाय, आज तालुक्याचं काम उद्या. तू कुणाचं मनावर घ्यायचा नाहीस. तिला भीती वाटते एवढं कारण तुला पुरायचं.

असो. आम्ही निघालो. ट्रॅक पार कोइमतूरकडं, वाटेत एक मुक्काम. द्वारका मागच्या सीटवर मांडीत टॉवेलमधे गुंडाळलेला भैरवनाथ घेऊन. वाटेतल्या प्रत्येक देवळाचा कळस दिसला की, "थांबा की जरा, त्येला बी बगू द्या." म्हणजे देवाला देव दाखवायचा. पोचलो तर तिथं एकेक गाडी अशी की बघत राहावं. रंगीबेरंगी, जमिनीला टेकलेल्या, आवाज असा की छातीत वाजावा. त्यांच्या रांगेत आमची पांढरी स्विफ्ट, काचेवर टोलचा स्टिकर आणि दाराला शेतातल्या काट्यांचे ओरखडे. तपासणीवाल्यानं बोनेट उघडलं, चाकं हलवून बघितली, ब्रेक दाबला, मान डोलावली. सिद्रामप्पा पास झाला. टायरमधली हवा बरोबर आहे का ते कळायला टायरच्या कडेला पांढरी खूण करतात, वळणावर टायर किती वाकतो ते खूण किती घासली त्यावरून समजतं. हर्षाली बुटाचं पांढरं पॉलिश घरी विसरली होती. मी खिशातली चुन्याची डबी काढली आणि चारी टायरांना बोटानं चुना लावला. पोरीनं डोक्याला हात लावला, पण चाललं ते.

मला शिकवायला विरेश नावाचा पोरगा दिला, विजापूरकडचा, हिंदी बोलण्याला कानडी हेल. त्यानं झेंडे समजावले. पिवळा म्हणजे पुढं काहीतरी झालंय, निळा म्हणजे मागच्याला जाऊ द्या, काळा म्हणजे निमूट आत या. प्रत्येक वळणावर एक माणूस झेंडे घेऊन उभा असतो. मला सगळं समजलं. पट्टा आवळला, मधोमध बसलो, बूट ब्रेकवर. पहिली फेरी हळू, नुसती ओळख करून घ्यायला. दुसऱ्या फेरीत गाडी सुटली. सरळ रस्ता, समोर काही नाही. आणि वळणाच्या अलीकडं, डाव्या कडेला, उन्हात एक माणूस उभा. मुनवर, मी शपथेवर सांगतो, मी काहीही ठरवलं नव्हतं. पाय आपोआप उठला. डावा इंडिकेटर लागला. गाडी कडेला गेली, आणि मी शेजारच्या विरेशवरून वाकून, डाव्या खिडकीतून त्याला विचारलं, "कुठं?"

तो बिचारा झेंडा टाकून टायरच्या भिंतीमागं पळाला. मागून लाल गाडी येत होती, ती नशिबानं लांब होती म्हणून बरं. लगेच काळा झेंडा, आत बोलावणं. तिथला मोठा साहेब मला बाजूला घेऊन म्हणाला की पुन्हा असं झालं तर दिवसभर बाहेर बसावं लागेल, इथं थांबणं म्हणजे मागच्याच्या जिवाशी खेळ. त्याचं खरं होतं. मला एवढं ओशाळं वाटलं की हेल्मेट काढवेना. हर्षालीचा चेहरा पडलेला. मी विरेशला सगळं सांगितलं, वडाप म्हणजे काय, कडेला उभा माणूस म्हणजे काय. पाशिंजर दिसलं आणि पाय उठला नाही तर तो ड्रायव्हर उपाशी मरतो. तो हसता हसता खालीच बसला. त्याच्या बापाचाही टेम्पो होता म्हणे इंडीच्या रोडवर. मग म्हणाला, "सर, आदमी को आप मत देखो. झेंडा मैं देखता. आप खाली रोड देखो." हे मी कुठंतरी ऐकलं होतं. पुढच्या फेरीला मी मनातल्या मनात त्या सगळ्या झेंडेवाल्यांची माफी मागितली आणि त्यांना रामलिंगची माकडं करून टाकलं. तुझा आवाज कानात होता. एकाही माकडाकडं बघितलं नाही, आणि एकदाही पाय उठला नाही.

दुपारपर्यंत हात बसला. ब्रेक सरळ रस्त्यात पुरा करायचा, वळणात गाडीला धक्का द्यायचा नाही, स्टेअरिंग ओढायचं नाही, फिरू द्यायचं. विरेश म्हणाला की सर, तुमची गाडी पाण्यासारखी चालते. द्वारका कडेला छत्रीत बसलेली, प्रत्येक फेरीला देवाची मूर्ती वर धरून त्याला दाखवायची. मला वाटलं, आपण दोघं इथं पंचविशीत आलो असतो तर काय झालं असतं. तू नक्की त्या लाल गाडीला मागं टाकलं असतंस.

आता ज्यासाठी आलो होतो ते. भाभी गेल्यावर तिच्या चाळिसाव्या दिवसाला तू मला फक्त एक वाक्य बोललास. सगळे जेवून गेले होते, तू लिंबाखाली गाडीकडं पाठ करून बसला होतास. म्हणालास, "मैं हल्लू चलाया रे बज्या." बस, तेवढंच. त्यानंतर तू त्यावर कुणाशी काही बोलला नाहीस आणि गाडीला हात लावला नाहीस. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हृदयाचा झटका इतका मोठा होता की दवाखान्याच्या दारात आला असता तरी हातात काही नव्हतं. ते तू ऐकलंस आणि सोडून दिलंस. तुझ्या लेखी बार्शी रोडचा सगळ्यात जोरात चालवणारा माणूस नेमका त्या दुपारी, भाभीला बार्शीच्या दवाखान्यात नेताना, हळू गेला. मला वाटलं, याला डॉक्टरनं सांगून पटायचं नाही, ड्रायव्हरनंच सांगायला पाहिजे. आणि ड्रायव्हरला आधी स्वतःला माहीत पाहिजे. म्हणून दिवाळीत मी पोरीला हो म्हणालो.

संध्याकाळी मी विरेशला म्हटलं, आता तू माझी गाडी चालव, मी डावीकडं बसतो. जेवढी पळते तेवढी पळव, माझी पर्वा करू नको. त्यानं पळवली. हर्षालीनं मोबाईलवर वेळ लावली होती. आम्ही आत आलो तेव्हा मी तिला विचारलं, तर माझ्या शांत फेरीत आणि त्याच्या जिवावर उदार होऊन मारलेल्या फेरीत फरक काही सेकंदांचा. मी दोनदा विचारलं, दोनदा तेच. मग विरेशला घाट सांगितला, पांगरीतले स्पीडब्रेकर सांगितले, उसाचे ट्रॅक्टर सांगितले आणि विचारलं की येडशी ते बार्शी तू जीव तोडून गेलास तर किती वाचतील? तो विचार करून म्हणाला, "चार-पाच मिनट, सर. और पेशंट है तो मैं वैसा चलाताच नै." आता तू म्हणशील, मिनिटं ती मिनिटंच. मलाही ते कळतं. म्हणून दुसरं ऐक, जे मला कुणी सांगितलं नाही, माझ्या अंगानं सांगितलं. त्या फेरीत मी, पोतं उचलणारा गडी, दोन्ही हातांनी दार धरून बसलो होतो. पट्टा छातीत रुतत होता, श्वास घेता येत नव्हता, मान सावरता येत नव्हती. उतरल्यावर मी चाकाशेजारी जमिनीवर बसलो आणि रडलो. द्वारकाला वाटलं मला लागलं. मी हाच विचार करत होतो की छातीत कळ असताना तिला असं नेलं असतं तर. आसिफ त्या दिवशी मागच्या सीटवर होता, त्यानं मला सांगितलंय. घाटात ती तुला म्हणाली, "हल्लू चलाव जी," आणि तू ऐकलंस. पांगरीच्या पुढं ती तुझ्या खांद्यावर डोकं टेकून गेली. मुनवर, जोरात चाललेल्या गाडीत कुणाला कुणाच्या खांद्यावर डोकं टेकता येत नाही. तू हळू चालवली नाहीस, तू तिची गाडी चालवलीस, जशी जन्मभर चालवलीस तशीच. ट्रॅकवर जाऊन आलेला माणूस तुला हे सांगतोय.

हे मी भेटूनही सांगितलं असतं, घाई नव्हती. पण परवा तुझ्या सुनेचा, मदिहाचा फोन आला. तिचे दिवस भरत आलेत. बाळंतपणाला बार्शीलाच नाव घातलंय आणि आसिफची नोकरी लातूरला, तो वेळेला पोचेल याचा भरवसा नाही. पोरगी हळूच म्हणाली, "चाचा, उस वखत तुमे आते क्या? अब्बा कू बोलने की हिम्मत नै होती." भाड्याची गाडी सांगून ठेवलीय म्हणे, पण अनोळखी ड्रायव्हरसोबत घाट उतरायची तिला भीती वाटते. तुझ्या घरच्या माणसाला मी आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं, तिला म्हटलं. सांगितलं की मी येणार नाही, आणि भाड्याची गाडीही रद्द कर. भरल्या दिवसांच्या बाईला न हिंदकळवता घाट उतरवणारा एकच ड्रायव्हर मला माहीत आहे आणि तो तुझ्याच दारात लिंबाखाली बसलेला असतो. हे पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी. गाडी इतके महिने उभी आहे, बॅटरी उतरली असेल, टायरही बसले असतील. आज उन्हं कलायच्या आत तिच्यावरचं झाकण काढ.

तुझाच,
बज्या